पुतळीकाकीचा डावा डोळा

पुतळीकाकीशी मी नऊ वर्षं भांडले. नऊ वर्षांत एकदाही ती माझं ऐकून गप्प बसली असं झालं नाही. शेवटी जिंकले तेव्हा घराच्या मागे जाऊन रडले, तेव्हा त्याला जिंकणं म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

नात्याने ती माझी चुलत सासू. जामसरपासून चालत अर्ध्या तासावर आमचा पाडा. तिचं घर माझ्या घराच्या वरच्या अंगाला, मधे एक मोहाचं झाड. मी कविता, या पाड्याची आशा, म्हणजे सरकारच्या आरोग्य खात्याचं गावातलं काम बघणारी बाई. गरोदर बायांची नावं लिहायची, पोरांना लशी टोचायला न्यायचं, कुणाला काही झालं की गाडी बोलवायची. काकीचं काम माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासूनचं. ती लोकांच्या डोळ्यांतला कचरा जिभेने काढायची.

हो, जिभेने. तोंड वाकडं करू नका, मी आधीच पुष्कळ केलंय. ती ओट्यावर मांडी घालून बसायची, समोरच्याचं डोकं मांडीवर घ्यायची, तीन चुळा भरायची, दोन बोटांनी पापणी वर धरायची आणि जिभेचं टोक डोळ्यावरून अलगद फिरवायची. मग तळहातावर थुंकून दाखवायची. "हा बघ. एवढासा तं होता, आन केवढा रडलास!" कधी भाताचं तूस असायचं, कधी चिलटाचा पंख, कधी गवताचं कुसळ.

ही विद्या तिला आईकडून आली. तिचं माहेर मोखाड्याकडचं, खोडाळ्याच्या बाजूचं. लग्नानंतर बारा-तेरा वर्षं ती आणि जिव्याकाका पावसाळा सोडून भिवंडीकडे वीटभट्टीवर असायचे. तिथे विटांची भुकटी डोळ्यांत जायचीच. बिहारकडचे मजूरसुद्धा तिच्यापुढे रांग लावायचे आणि तिला 'आंखवाली मौसी' म्हणायचे. हे ती मला इतक्यांदा सांगायची की शेवटी मीच तिच्या आधी म्हणून टाकायचे. तिचं वय विचारू नका. आधार कार्डावर एक जानेवारी आहे, जशी आमच्या अर्ध्या पाड्याची आहे.

कुणाकडून ती काही घ्यायची नाही, चहासुद्धा नाही. घेतलं की जीभ उतरते म्हणे. तंबाखू नाही, मिश्री नाही. आणि दिवाळी झाली की भाताची झोडणी संपेपर्यंत, म्हणजे सगळा कार्तिक, ती मिरची खायची नाही. तिखट जिभेने कुणाच्या डोळ्याला आग होऊ नये म्हणून. आमच्याकडे नागलीची भाकर आणि मिरचीचा ठेचा एवढंच जेवण असतं कितीदा, त्यातली मिरची काढली तर उरतं काय? ती मिठाच्या पाण्यात भाकर बुडवून खायची. मी बघायचे आणि मला आणखीच राग यायचा. एवढा नेम चुकीच्या गोष्टीसाठी!

"काकी, तोंडात किती जंतू असतात, माहीत आहे का तुला?"

"माझे तोंडात जंतू, आन तुझे तोंडात काय, मध? दिवसभर ओरडतेस ती."

"डोळे आले होते मागच्या साली, सात घरांत. कुणामुळे पसरले?"

"वाऱ्यानं."

"डॉक्टर काय म्हणतात, डोळ्यात काही गेलं तर..."

"तुझा डॉक्टर जव्हारला. कचरा इथं. माणूस काय डोळा हातात धरून एसटीची वाट बघल?"

एसटी दिवसातून दोनदा, तीही रस्त्यापर्यंत. मग मी आणखीच ओरडायचे. हा माझा स्वभाव आहे, आणि तो कुणाच्या उपयोगी पडल्याचं मला आठवत नाही.

गेल्या वर्षी भात कापून झालं आणि वर चार दिवस पाऊस लागला. कापलेल्या पेंढ्या उडवीत, म्हणजे रचलेल्या ढिगात, ओल्या राहिल्या. झोडणीला काढल्या तेव्हा आतून काळ्या पडलेल्या, आंबूस वास येत होता. पाटावर आपटल्या की भात खाली पडायचं आणि काळपट धूळ वर उडायची. बाया तोंडाला पदर बांधून झोडत होत्या. डोळ्यांना काय बांधणार?

झोडणीच्या दुसऱ्या दिवशी काकीच्या डाव्या डोळ्यात तूस गेलं.

आता गंमत बघा. सगळ्या मुलखाच्या डोळ्यांतला कचरा काढणारी बाई, पण स्वतःची जीभ स्वतःच्या डोळ्याला कशी लावणार? आणि ही विद्या दुसऱ्या कुणाला तिने शिकवलेली नाही. सून सुनिता म्हणाली, मी बघते, तर तिला म्हणाली, "तू मिरची खाल्लीस सकाळी." तिने पाणी मारलं, पदराच्या टोकाने चोळलं, तूस निघालं आणि ती परत झोडायला लागली. डोळ्याला खरचटलं होतं, ते दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी तिथून चालले होते. डोळा लाल झाला होता, पाणी गळत होतं. मी म्हटलं, चल जव्हारला. ती म्हणाली, भात झोडून होऊ दे, अजून तीन दिवसांचं आहे. मी ओरडले. ती हसली. त्या दिवशी मला दोन बाळंतिणी बघायच्या होत्या, सर्व्हेचे फोटो मोबाइलवर चढवायचे होते आणि नेटवर्कसाठी टेकडीवर जायचं होतं. मी घरी गेले. कणगीच्या मागच्या फळीवर माझ्या सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची थेंबांची बाटली होती, निम्मी भरलेली. ती घेतली आणि परत आले.

'आपल्या मनाने डोळ्यात औषध घालू नका, दुसऱ्याचं तर मुळीच नाही.' हे वाक्य मी दर महिन्याला बायांच्या बैठकीत बोलते. पाठ आहे मला. तरीही मी हात साबणाने धुतले, काकीला खळ्याच्या कडेला बसवलं, पापणी ओढली आणि दोन थेंब घातले. वर म्हणाले, "बघ. याला म्हणतात औषध. जिभेची गरज नाही." मला जिंकायचं होतं. दुसरं काही कारण असेल तर मला ते अजून सापडलेलं नाही.

आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी डोळ्याची लाली उतरली. काकीने स्वतः सगळ्यांना सांगितलं की कवितेचं पाणी लई गुणाचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने माझी तारीफ केली. मी बाटली तिच्याकडेच ठेवली. दिवसातून चार वेळा घाल म्हणाले. तिने घातले. माझं ऐकायचं नाही अशी शपथ घेतलेली बाई, आणि ऐकलं कधी, तर तेव्हा!

सातव्या दिवशी सुनिता धावत आली. काकीला उजेड सहन होत नव्हता, डोळा उघडत नव्हता. मी पापणी वर केली. काळ्या बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग. कडा पिसासारख्या विस्कटलेल्या.

जव्हारला नेलं. तिथे बघून त्यांनी त्याच दिवशी नाशिकच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं. मोखाड्यावरून जीप गेली. वाटेत काकी डोळ्यावर पदर धरून एवढंच विचारत होती, "डोळा राहील ना गो?" मी म्हणत होते, राहील. मला काय माहीत होतं?

डोळ्यांच्या डॉक्टर मॅडम वयाने लहान होत्या, बोलायला कडक. डोळा बधिर करून त्यांनी त्या डागावरचं थोडं खरवडलं, काचेवर घेतलं, यंत्राखाली बघितलं आणि मलाही बोलावलं. पडद्यावर बारीक धागे दिसत होते, फाटे फुटलेले, एकमेकांत गुंतलेले.

"बुरशी आहे," त्या म्हणाल्या. "पेंढ्यावर असते, मातीत असते, सडलेल्या पाल्यावर असते. तिथे ती पाला कुजवते, ते तिचं कामच आहे. डोळ्याला तुसाने खरचटलं की तिथून आत शिरते. भाताच्या दिवसांत आमच्याकडे असे पेशंट येतच असतात. पण लवकर आले तर बरं असतं." मग त्यांनी आमच्या पिशवीतली बाटली हातात घेतली आणि त्यांचा चेहराच बदलला. "हे घालत होता? यात स्टिरॉइड आहे. ऑपरेशननंतर सूज उतरायला देतात. याने लाली जाते, माणसाला बरं वाटतं, आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं. शरीर तिच्याशी लढत असतं, त्या लढणाऱ्यालाच तुम्ही बांधून ठेवलंत. कुणी दिलं हे?"

मी तोंड उघडलं. शप्पथ, उघडलं होतं.

"बाजारातनं घेतलं," काकी म्हणाली. "खोडाळ्याच्या बाजारात एक माणूस बसतो. त्याच्याकडनं."

"मावशी, बाजारातलं औषध डोळ्यात? आणि त्याआधी जिभेने काढलं असेल ना? तुमच्याकडे चालतं ते, मला माहीत आहे."

"हां," काकी म्हणाली. "काढलं."

मॅडम तिला दहा मिनिटं रागावल्या. काकी मान खाली घालून ऐकत राहिली. जी बाई माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही, ती दहा मिनिटं दुसऱ्याची बोलणी खात होती, आणि बोलणी माझी होती. मी भिंतीला टेकून उभी राहिले. बाहेर आल्यावर मी तिच्यावरच चिडले. "खोटं का बोललीस?"

"तू गप्प रहा," ती म्हणाली. "तुना काढून टाकतील. मग पाड्यावर बाया अडतील तवा गाडी कोन बोलवंल? मी?"

दवाखान्यात आठ दिवस राहिलो, मग घरी. दुधासारखं पांढरं औषध होतं, बाटली हलवून दर तासाला एक थेंब. दर तासाला! सुनिता आणि मी वाटून घेतलं. मोबाइलचा गजर लावला. काकीचा वेळेवर विश्वास नव्हता, गजर वाजला की म्हणायची, "आताच तं घातलंस." झोप मोडली की शिव्या द्यायची. मी लसीकरणाला गेले की सुनिता, सुनिता पाण्याला गेली की मी. एकदा दोघींना उशीर झाला तर जिव्याकाका थरथरत्या हाताने घालायला बसला आणि अर्धी बाटली तिच्या कानात. त्या बाटल्या जव्हारला मिळत नव्हत्या, नाशिकहून मागवाव्या लागायच्या. मला रोज वाटायचं, आज डाग लहान झाला. रोज मी मोबाइलवर फोटो काढायचे आणि कालच्याशी ताडून बघायचे. मॅडमना पाठवायचे. गावच्या आरोग्य केंद्राच्या ग्रुपवरही एक टाकला होता, सल्ला विचारायला. तो टाकला नसता तर बरं झालं असतं.

दोन महिन्यांनी जखम भरली. डोळा राहिला. नजर गेली. बुबुळावर पांढरा वण उरला, अंड्याच्या टरफलासारखा. त्या डोळ्याने तिला उजेड कळतो आणि समोर हात हलला तर सावली कळते. मॅडम म्हणाल्या, कुणी मरणानंतर डोळे दिले तर बुबुळ बदलता येईल, नाव यादीत घालू. नाव घातलंय. काकीने विचारलं, "मेलेल्या मानसाचा डोळा माझे डोळ्यात? मग मना काय दिसंल, त्याचा गाव?" आणि हसली. मला हसू आलं नाही.

फेब्रुवारीत आमच्या आशांची मासिक बैठक होती. बाहेरून एक साहेब आले होते. त्यांनी भिंतीवर फोटो लावला. काकीचा डोळा, माझ्याच मोबाइलमधला. साहेब म्हणाले, "बघा. जिभेने कचरा काढण्याच्या अंधश्रद्धेमुळे एका महिलेचा डोळा गेला. गावागावांत हे उदाहरण सांगा." चाळीस बायांनी च्‌ च्‌ केलं. शेजारची वहीत लिहायला लागली.

साऱ्या जव्हार तालुक्यात जिभेने कधी न शिवलेला एखादा डोळा असेल तर तो तोच होता. आणि त्याचंच उदाहरण! मला एवढा संताप आला की कानात घुंई वाजायला लागलं. साहेबांचा आला, त्या लिहिणाऱ्या बाईचा आला, खोटं बोलणाऱ्या काकीचा आला. पण साहेबांना काय माहीत होतं? त्यांना जे सांगितलं गेलं तेच ते बोलत होते. मग उरलं कोण?

मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, त्या डोळ्याला जीभ लागली नव्हती. तूस लागलं, आणि मग थेंब लागले. थेंब मी घातले. माझ्या सासऱ्यांच्या ऑपरेशनचे. मी आशा आहे त्या पाड्याची."

मग साहेबांनी मला लेखी खुलासा द्यायला सांगितलं. मी दिला, दोन पानं. काम गेलं नाही, ताकीद मिळाली. पुढच्या आठवड्यात मी पाड्यातल्या घराघरांतून डोळ्यांच्या जुन्या बाटल्या गोळा केल्या. सव्वीस घरांत अकरा निघाल्या. कणगीमागे, देवाच्या फळीवर, एक तर पिठाच्या डब्यात. सगळ्या कुणाच्या तरी ऑपरेशननंतरच्या, निम्म्या, जपून ठेवलेल्या. म्हणजे माझ्यासारखी शहाणी मी एकटी नव्हते. या विचाराने मला जरासुद्धा बरं वाटलं नाही.

काकीला कळलं तेव्हा तिने माझ्याशी बोलणं टाकलं. डोळा गेला तेव्हा नाही टाकलं, खरं बोलले तेव्हा टाकलं. पाऊस लागेपर्यंत माझ्या दारावरून जाताना तोंड फिरवायची, तेही आंधळ्या बाजूने, म्हणजे मी दिसायचा प्रश्नच नाही. मग आवणीच्या दिवसांत एकदा चिखलात माझ्याशेजारी उभी राहून रोपं लावता लावता म्हणाली, "काढलं असतं तुना तं?" मी म्हटलं, "नाही ना काढलं." ती म्हणाली, "तुझं डोकं नाय ठिकानावर." एवढ्यावर आमचं परत सुरू झालं.

परवाची गोष्ट. दिवाळी होऊन गेली, खळी सारवून झाली, झोडणी लागली. मी दुपारी काकीच्या घरावरून चालले होते. ती ओट्यावर जेवत होती. नागलीची भाकर, आणि भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा, चांगला मूठभर. घास घेत होती आणि उजव्या डोळ्यातून पाणी काढत होती. वर्षानुवर्षं कार्तिकात मिरचीला न शिवलेली जीभ, तिला तिखट सोसत नव्हतं. तरी खात होती.

मी उभीच राहिले. नऊ वर्षं मी दुसरं काय मागत होते? मला म्हणायचं होतं, काकी, नको खाऊस. तोंडातून एवढंच निघालं, "कार्तिक लागलाय गो."

"मना ठाव आहा," ती म्हणाली. "डावा डोळा गेला, जीभ नाय गेली माझी. पन लोक माझा डोळा बघतात आन मग डोकं मांडीवर ठेवतात. हात कापतात त्यांचे. मना कळतं." तिने आणखी एक घास घेतला. "म्हून खाल्ली. आता कोनी आलं तं सांगता येल, तिखट झाली जीभ."

मी माझ्या घराच्या मागे गेले आणि मोहाच्या झाडाला धरून रडले. तिच्या डोळ्यासाठी, आणि त्या जिभेसाठीसुद्धा, जी मी एवढी वर्षं बंद करायला निघाले होते.

तोंड धुऊन पुढे आले तर अंगणात काकी उभी. तिने रुपीचा हात धरला होता, पांड्याची नवी सून. रुपीने एक डोळा गच्च मिटला होता, गालावर पाणी आणि अंगभर पेंढ्याची धूळ. खळ्यावरून सवयीने ती आधी काकीकडेच गेली होती.

"तूस गेलं हिचे डोळ्यात," काकी म्हणाली. "चोळू नाय दिला मी."

मी उकळून गार केलेलं पाणी आणलं, रुपीला आडवं करून डोळा धुतला. तूस निघालं, पण टोचतंय म्हणाली. मी फोन काढला आणि गाडीवाल्याला लावला. तेवढ्या वेळात काकी रुपीच्या बाजूला बसली, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत पकडून ठेवले, डोळ्याकडे जाऊ नयेत म्हणून. मग तिने मान पूर्ण वळवली, उजव्या डोळ्याने माझ्याकडे नीट बघितलं.

"जव्हारला ने तिला," म्हणाली. "आजच. आन वाटंत काय घालू नको."

"नाही घालत," मी म्हटलं.